चाप जड आहे? आधी बोट तपासा



वार्षिक परीक्षा संपल्यावर भाच्याचा फोन आला. तो तुमच्यासारखाच छात्र आहे, नववीत शिकतो. दाजींनी त्याला वाढदिवसाला एक साधी एअर रायफल घेऊन दिली आहे. नळी मोडून स्प्रिंग ताणायची, छर्रा भरायचा, नळी बंद करायची, त्या प्रकारची. किंमत मध्यमवर्गीय घराला परवडेल अशी. फोनवर ना नमस्कार ना चमत्कार, एकदम प्रश्न आला, "मामा, माझ्या रायफलचा चाप फार जड आहे. ओढताना नेम हलतो. घरच्या घरी हलका करता येतो का? तुझ्याकडे तर सगळी हत्यारं आहेत."

मी उत्तर देण्याआधीच ताईने त्याच्या हातून फोन घेतला. "तू त्याला काही उघडायला शिकवू नकोस हं. तुझं बोट मी बघितलंय."

भाच्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी मोहालीच्या नॉलेज सिटीत, एका संशोधन संस्थेच्या यंत्रशाळेत काम करतो. चंदीगडला लागून असलेल्या सेक्टर ८१ मधली ही जागा. इथे आयसरसारख्या संस्था शेजारी शेजारी आहेत. माझ्या टेबलावर लेथपासून बारीक कानशीपर्यंत आणि मायक्रोमीटरपासून पॉलिशच्या कापडापर्यंत सर्व काही आहे. चापाची खाच घासून गुळगुळीत करणे हे माझ्या हाताला अवघड काम नाही. तरीही मी भाच्याला नाही म्हटले. का नाही म्हटले आणि त्याऐवजी काय करायला लावले, हाच आजचा धडा आहे.

ताईने पाहिलेले बोट

मी दहावीत असताना माझ्याकडेही अशीच स्वस्तातली एअर रायफल होती आणि माझीही तीच तक्रार होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. घरातले सगळे दुपारी झोपलेले. मी पडवीत बसून रायफलचा दस्ता काढला. चापाजवळ एक स्क्रू दिसला. तो थोडा फिरवला, चाप हलका झाला. आणखी फिरवला, आणखी हलका झाला. लोणी कापल्यासारखा चाप सुटायला लागला, तेव्हा मला वाटले, जग जिंकले.

संध्याकाळी अंगणात नळी मोडून स्प्रिंग ताणली आणि उजव्या हाताने छर्रा भरायला गेलो. चापाला माझा स्पर्शही झाला नव्हता. आत स्प्रिंग अडवून धरणारी खाच इतकी थोडी उरली होती की ती आपोआप सुटली. उघडी नळी फटकन वर आली आणि उजव्या हाताची तर्जनी मध्ये सापडली. नख गेले, पेराचे हाड चिरले, टाके पडले. पुढच्याच महिन्यात जिल्हा स्पर्धेची निवड होती. ती मी हातावर बँडेज बांधून प्रेक्षकांत बसून पाहिली.

ते बोट बरे झाले, पण त्याच्या टोकाला आजही पूर्वीसारखी जाणीव नाही. चाप ओढायला सर्वांत गरजेची असते ती हीच जाणीव. चाप हलका करण्याच्या नादात मी तीच घालवून बसलो. आणि नळी उघडी नसती, छर्रा भरलेला असता, समोर धाकटी भावंडे असती तर? हा विचार मला अजूनही अधूनमधून अस्वस्थ करतो.

चाप जड का असतो?

दोष आपल्या रायफलचा नाही, तिच्या रचनेचा आहे. स्प्रिंगच्या रायफलमध्ये एक दट्ट्या असतो. नळी मोडताना आपण जोर लावतो तेव्हा दट्ट्या मागे जातो आणि त्याच्या मागची किंवा भोवतीची जाड स्प्रिंग आवळली जाते. एवढ्या ताणलेल्या स्प्रिंगचा भार एका छोट्या खाचेत अडकलेला असतो. चाप ओढतो तेव्हा आपण ती खाच सरकवत असतो. भार मोठा, म्हणून घर्षण मोठे, म्हणून चाप जड. साध्या रायफलमध्ये हा भार जवळजवळ थेट चापापर्यंत येतो. महाग रायफलमध्ये मध्ये दोन-तीन तरफा घालून तो वाटून कमी केलेला असतो.

स्पर्धेतल्या आधुनिक एअर रायफलची गोष्ट आणखी वेगळी. तिच्यात हवा आधीच नळकांड्यात दाबून भरलेली असते. चापाने सोडायचा असतो तो फक्त एक लहानसा हातोडा, जो हवेची झडप उघडतो. धरून ठेवायचा भारच कमी, म्हणून तिथे चाप फुलासारखा हलका ठेवता येतो आणि तरी सुरक्षित राहतो. आपल्या स्प्रिंगच्या रायफलमध्ये तेवढा हलकेपणा आणायचा म्हणजे खाचेची पकड कमी करायची. मी तेच केले होते.

स्पर्धेचे नियम पाहा. आंतरराष्ट्रीय नियमांत १० मीटर एअर पिस्तूलच्या चापाचे वजन किमान ५०० ग्रॅम, २५ मीटर पिस्तूलचे किमान १,००० ग्रॅम आणि ३०० मीटर स्टँडर्ड रायफलचे किमान १,५०० ग्रॅम असावे लागते. १० मीटर एअर रायफलला अशी मर्यादा नाही. यात एक गोष्ट ध्यानात घ्या. जिथे मर्यादा घातली आहे तिथे ती 'किमान' आहे. चाप किती जड असू नये हे नियम सांगत नाहीत. किती हलका असू नये एवढेच सांगतात.

नेम हलतो तो कशाने?

आता थोडे गणित. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि तिथून बाहेर प्रत्येक वर्तुळ २.५ मिलिमीटर अंतरावर. आपला छर्रा ४.५ मिलिमीटरचा. समजा, आपल्या रायफलवर मागचा नेमदर्शक आणि पुढची माशी यांत ५० सेंटिमीटर अंतर आहे. १० मीटर म्हणजे त्याच्या २० पट. म्हणजे चाप ओढताना माशी १ मिलिमीटर सरकली तर लक्ष्यावर छर्रा २० मिलिमीटर सरकेल. एका वर्तुळाचा फरक पडायला माशी ०.१२५ मिलिमीटर सरकणे पुरेसे आहे. वहीच्या एका कागदाच्या जाडीपेक्षा किंचित जास्त!

ही माशी सरकवते कोण? चापाचे वजन नव्हे, त्या वजनाची दिशा. समजा चाप २ किलोचा आहे. बोट सरळ मागे न ओढता १० अंश तिरके ओढले, तर त्यातला सुमारे ३५० ग्रॅम जोर बाजूला जातो आणि नळीला आडवे ढकलतो. त्याच तिरक्या बोटाने ५०० ग्रॅमचा चाप ओढला तर बाजूला जाणारा जोर ८५-९० ग्रॅमच असेल. नेम कमी हलेल, गुण वाढतील, आपण खूश होऊ. पण बोट तिरकेच राहिले! बोट अगदी सरळ ओढले, तर चाप २ किलोचा असो की अर्ध्या किलोचा, बाजूला जाणारा जोर शून्यच.

हे त्रिकोणमितीचे गणित मी भाच्याला फोनवर समजावले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे हलका चाप चूक झाकतो?" मी म्हटले, "बरोबर. आणि जड चाप चूक दाखवतो. दाजींनी तुला स्वस्तातली रायफल नाही दिली रे, एक कडक मास्तर दिलाय."

घरी सराव: रायफल कपाटात, फळी हातात

चापाचा सराव म्हटला की छात्र रिकामी रायफल ताणून 'टक, टक' करत बसतात. स्प्रिंगच्या एअर रायफलला हे चालत नाही. पुढे छर्रा नसला की दट्ट्यासमोर हवेची उशी तयार होत नाही. तो धाडकन पुढच्या भिंतीवर आदळतो, सील फाटते, स्प्रिंग तुटते. पॉइंट टू टू रायफलमध्येही रिकाम्या चेंबरवर चाप ओढल्यास फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटून नुकसान होऊ शकते. तो सराव प्रशिक्षकांसमोर, बनावट काडतूस घालूनच करायचा असतो. मग घरी काय करायचे?

सुट्टीत भाचा इथे नॉलेज सिटीत आला. रायफल अर्थातच घरी, कुलपात. आम्ही दोघांनी मिळून एका संध्याकाळी जे बनवले त्याला खर्च नगण्य आला. साहित्य असे:

१. साधारण ९० सेंटिमीटर लांबीची लाकडी फळी. मागचे टोक खांद्याला टेकेल आणि मूठ धरता येईल अशी थोडी कापलेली.
२. ५ किलोपर्यंत मोजणारा ताणकाटा. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत असतो तोच. हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो.
३. कापडी पट्टीचा एक लहान फास.
४. एक रुपयाचे नाणे.
५. पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली, फळीखाली बांधायला. रायफलचा भार हाताला जाणवावा म्हणून.

ताणकाट्याचे वरचे टोक फळीच्या खालच्या बाजूला पुढे घट्ट बांधायचे. आकडा मुठीच्या दिशेला येऊ द्यायचा आणि त्यात फास अडकवायचा. मूठ धरल्यावर तर्जनी त्या फासात आली पाहिजे. हाच आपला चाप. फळीच्या पुढच्या टोकावर नाणे आडवे ठेवायचे. समोरच्या भिंतीवर डोळ्याच्या उंचीवर एक काळा ठिपका. काटा वाचायला एक मदतनीस लागतो. भाऊ, बहीण, आई, कोणीही चालेल. आमच्याकडे हे काम माझ्या पत्नीने केले. तिचा आवाज आमच्या हवालदार उस्तादांपेक्षाही करडा निघाला.

पहिला आठवडा: एकटे बोट

मूठ सैल पण निश्चित धरा, एखाद्याशी हस्तांदोलन करताना धरतो तेवढ्याच जोराने. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ, मधला भाग फासावर ठेवा. पेराची रेघ नको आणि अगदी टोकही नको. बोटाचा उरलेला भाग फळीला चिकटू देऊ नका. मध्ये उजेड दिसला पाहिजे. बोट चिकटले की ओढताना ते फळीलाही ढकलते.

आता फक्त बोट हलवा. मूठ, मनगट, अंगठा यांनी काही करायचे नाही. हे बोलायला सोपे आहे. आपण एक बोट आवळले की बाकीची बोटेही नकळत आवळली जातात. आरशासमोर करून पाहा, अंगठ्याच्या मुळाशी स्नायू उडी मारताना दिसेल. ती उडी थांबवणे हे पहिल्या आठवड्याचे काम. नाण्याकडे पाहू नका, ठिपक्याकडे पाहा. नाणे पडले तर आवाज येईलच.

दुसरा आठवडा: दोन दाब

आपल्याला उस्ताद शिकवतात तो पहिला दाब आणि दुसरा दाब आठवा. पहिल्या दाबात ५०० ग्रॅमपर्यंत जायचे आणि थांबायचे. अर्धा श्वास सोडायचा. मग तिथून २ किलोपर्यंत एकसारखे, चार-पाच सेकंदांत चढायचे. मदतनीस आकडे हळू आवाजात वाचेल, "एक... सव्वा... दीड..." आकडे एका चालीत आले पाहिजेत. एक किलोवर अडकून मग एकदम दोनवर उडी, असे झाले की समजा तुम्ही चाप 'ओढला' नाही, 'झटकला'.

आठ-दहा सेकंद झाले आणि मन तयार नसेल तर बोट सोडा, फळी खाली घ्या, पुन्हा सुरुवात करा. सोडून देणे हीदेखील शिकायची गोष्ट आहे. माझ्या दहावीतल्या वहीत सर्वाधिक खराब बार आहेत ते 'आता उशीर झाला, मारून टाकू' म्हणून मारलेले.

तिसरा आठवडा: न सांगता 'टक'

आता मदतनीस आकडे वाचणार नाही. एक ते दोन किलोंच्या मध्ये कुठेही, त्याच्या मनाला येईल तेव्हा तो "टक!" म्हणेल. बार सुटला असे समजायचे. आवाज येताच तुम्ही दचकला नाहीत, फळी हलली नाही आणि "एक, दोन" म्हणेपर्यंत नजर ठिपक्यावरच राहिली, तर तो बार चांगला.

हे का? चाप सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत काळ जातो. आपल्या स्प्रिंगच्या रायफलमध्ये दट्ट्याला आधी धावावे लागते, हवा दाबावी लागते, मग छर्रा निघतो. हा काळ शतांश सेकंदाच्या घरातला, पण तेवढ्यात रायफल आपल्या हातात हलत असते. बार कधी सुटेल हे ठाऊक असेल तर अंग आधीच आखडते. ठाऊक नसेल तर आखडायला वेळच मिळत नाही. म्हणून चांगल्या नेमबाजाला स्वतःचाच बार थोडा अनपेक्षित वाटतो.

रोज वीस वेळा पुरे: पाच-पाचचे चार संच, मध्ये विश्रांती. पंधरा मिनिटांत होते. रोज वहीत लिहा: किती वेळा नाणे पडले, आणि का पडले असे वाटते. 'का' लिहिल्याशिवाय पुढचा संच नाही, हा नियम मी भाच्याला घातला. पहिल्या दिवशी वीसपैकी तेरा वेळा नाणे पडले. तो चिडला, फळीला नावे ठेवली, ताणकाट्याला नावे ठेवली. पाचव्या दिवशी त्याने वहीत लिहिले, 'अंगठा दाबतो.' त्यानंतर नाणे पडणे झपाट्याने कमी झाले. चूक सापडली होती, आणि त्याची त्यानेच शोधली होती.

चौथा आठवडा: रेंजवर पडताळा

खरी रायफल आता, आणि रेंजवर, प्रशिक्षकांसमोरच. प्रथम चापाचे वजन मोजून घ्या. रायफल टेकूवर, छर्रा भरलेला, नळी लक्ष्याकडे, आणि प्रशिक्षक ताणकाट्याचा आकडा चापात अडकवून हळूहळू सरळ मागे ओढतील. चाप सुटला तेव्हाचा आकडा लिहा. असे तीनदा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर चाप जड असला तरी प्रामाणिक आहे, त्याच्याशी जमवून घेता येते. आकडे फार वेगवेगळे आले, किंवा चाप एखाद्या वेळी फारच हलका सुटला, तर त्या रायफलने बार मारू नका. ती कारागिराकडे किंवा कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात पाठवण्याचे काम प्रशिक्षकांचे.

मग पाच-पाच बारांचे गट मारा. गुण मोजू नका, सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर पट्टीने मोजा. प्रत्येक बारानंतर, लक्ष्य पाहण्याआधी, छर्रा कुठे गेला असेल ते मोठ्याने सांगा: "नऊ, डावीकडे." सांगितलेले आणि दिसलेले जुळू लागले की समजा, चाप सुटताना तुमची नजर जागी आहे. उजव्या हाताच्या नेमबाजाचा गट सारखा डावीकडे जात असेल तर बोट सहसा तिरके ढकलत असते. सारखा खाली जात असेल तर बार सुटण्याच्या भीतीने हात आधीच दबत असतो. माशी किंवा नेमदर्शक फिरवण्याआधी हे तपासा.

रायफलच्या देखभालीत छात्राने करायचे ते एवढेच: प्रशिक्षक जवळ असताना, रायफल न ताणलेली व रिकामी असताना, दस्त्याचे स्क्रू घट्ट आहेत ना ते पाहणे आणि बाहेरून पुसणे. सैल दस्ता पुष्कळदा जड चापापेक्षा जास्त गट बिघडवतो. हवेच्या कोठीत तेल घालू नका. दट्ट्याने हवा एकदम दाबली की ती तापते, तेल पेट घेते आणि नको तेवढा दाब तयार होतो. आणि चापाचा स्क्रू, खाच, स्प्रिंग यांना हात नाही. कंपनीच्या पुस्तिकेत समायोजन दिले असेल तरी ते जाणकाराच्या हातूनच. शाळेची वा एनसीसीची रायफल असेल तर तो प्रश्नच येत नाही.

घरातली रेंज आणि घरातली फळी

चंदीगडला आल्यावर भाच्याला एकच नाव ऐकायचे होते: अभिनव बिंद्रा. याच परिसरात घडलेला नेमबाज. पहिले प्रशिक्षक लेफ्टनंट कर्नल जे. एस. ढिल्लों. पालकांनी घरीच बंदिस्त रेंज उभारून दिली. "मग काय, त्यांच्याकडे सगळंच होतं," भाचा म्हणाला.

मी त्याला ११ ऑगस्ट २००८ चे आकडे काढून दाखवले. बीजिंग ऑलिंपिक, १० मीटर एअर रायफल. प्राथमिक फेरीत ६०० पैकी ५९६, म्हणजे चौथा क्रमांक. अंतिम फेरीत शेवटचा एक बार उरला तेव्हा बिंद्रा आणि फिनलंडचे हेन्री हॅकिनेन यांचे गुण समान होते. हॅकिनेन यांचा शेवटचा बार ९.७. बिंद्रा यांचा १०.८. एकूण ७००.५, आणि भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. चीनचे झू छीनान ०.८ गुणांनी मागे राहिले. अंतिम फेरीतल्या सगळ्यांच्याच हातात उत्तम रायफली होत्या, सगळ्यांचेच चाप हलके होते. त्या शेवटच्या बाराला फरक पडला तो रायफलीमुळे नव्हे.

आणि आपल्याकडचे उदाहरण हवे तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातले कांबळवाडी. तिथला मुलगा, स्वप्नील कुसाळे, २००९ मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, तिथे नेमबाजीकडे वळला, पुढे रेल्वेत नोकरीला लागला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेऊन आला. या प्रकारात भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक. गुडघ्यावर, पोटावर आणि उभे राहून, तिन्ही स्थितींत अंगाचा तोल वेगळा, पण बोटाचे काम एकच: सरळ मागे. दोघांमध्ये पंधरा-सोळा वर्षांचे अंतर, घरची परिस्थिती वेगळी, पण बोटाचा सराव दोघांनाही स्वतःलाच करावा लागला. तो विकत मिळत नाही.

प्रशिक्षक आणि पालकांसाठी दोन शब्द

प्रशिक्षकांना विनंती: छात्र 'चाप जड आहे' म्हणाला की त्याला 'बहाणे नकोत' असे सांगून गप्प करू नका. मला तसेच गप्प केले होते, म्हणून मी पडवीत बसून स्क्रू फिरवला. तक्रार खरी असते. ताणकाटा काढा, त्याच्यासमोर मोजा, आकडा त्याच्या वहीत लिहून द्या. मोजलेल्या आकड्याने मुलगा शांत होतो.

पालकांना विनंती: एअर रायफल हे खेळणे नाही. ती रिकामी, न ताणलेली, कुलपात ठेवा. छर्रे वेगळ्या कुलपात. किल्ली मुलाकडे नको. बार मारायचा तो रेंजवर, मोठ्यांच्या देखरेखीखाली. रायफल हातात घेतली की चार गोष्टी मुलाकडून रोज म्हणवून घ्या: प्रत्येक रायफल भरलेली आहे असे समजेन, नळी कधीही माणसाकडे वा जनावराकडे वळवणार नाही, नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर ठेवणार नाही, लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहिल्याशिवाय बार मारणार नाही. आणि नळी उघडी असताना ती दुसऱ्या हाताने घट्ट धरूनच छर्रा भरायचा. हा पाचवा नियम माझ्या तर्जनीने शिकवलेला आहे.

सुट्टी संपली. भाचा फळी बरोबर घेऊन गेला. रेल्वेत लोक विचारत होते, हे काय वाद्य आहे. शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी त्याचा निरोप आला. चाप मोजला: दोन किलो दोनशे, तिन्ही वेळा जवळपास तेवढाच. पाच बारांचा गट पूर्वी पसरट असे, आता चहाच्या कपाच्या तळाएवढा येतो. अजून खूप बाकी आहे, असे त्यानेच लिहिले होते. शेवटी एक ओळ होती: 'मामा, चाप तेवढाच जड आहे. पण आता मला तो जड वाटत नाही.'

त्या संध्याकाळी ताईचाही फोन आला. तिने एवढेच विचारले, "त्याची बोटं शाबूत आहेत ना?"

"दहाच्या दहा," मी म्हटले.